आधी लिहू द्या, मग बाकीचं

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, अंधांसाठी काम करणाऱ्या सरकारी विभागात, फ्रेड गिसोनी आणि वेन थॉम्पसन यांनी एक छोटं यंत्र जुळवलं. पेटी म्हणून त्यांनी व्हिडिओ कॅसेटचा डबा घेतला. त्यात सर्किट बसवलं आणि वर ब्रेल लिहायच्या कळा लावल्या. गिसोनी स्वतः अंध होते. अंधांच्या ॲबॅकसमुळे ज्यांचं नाव सर्वदूर पोचलं ते टिम क्रॅनमर याच राज्यात काम करत होते, तेही अंधच. डीन ब्लेझी नावाचा अभियंता शाळकरी वयापासून क्रॅनमर यांच्या हाताखाली खटपट करत मोठा झाला होता. केंटकीतल्या या प्रयोगाच्या आधारे त्याच्या कंपनीने १९८७ साली ‘ब्रेल एन स्पीक’ बाजारात आणलं आणि अंध माणसाच्या पिशवीत पहिल्यांदा एक खरीखुरी चालती-बोलती वही आली.

त्या यंत्राला पडदा नव्हता. सात कळा होत्या: सहा ब्रेलच्या ठिपक्यांसाठी, सातवी स्पेसची. लिहिलेलं ते यांत्रिक आवाजात वाचून दाखवी. स्पेस आणि एखादं अक्षर एकदम दाबलं की आज्ञा दिली जाई. स्पेसबरोबर ‘ओ’ आणि मग ‘टी’ दाबलं की किती वाजले ते कळे. घड्याळ, दिनदर्शिका, स्टॉपवॉच, गणकयंत्र आणि लिहिण्यासाठी साधा एडिटर, एवढाच त्याचा संसार. बटण सरकवलं की यंत्र जागं होई आणि काल जिथे थांबलो होतो त्याच ओळीवर बोट ठेवून उभं राही. आजही त्या पिढीतली माणसं या यंत्राविषयी बोलताना आधी याच गुणाचं नाव घेतात.

अंधांसाठी टिपणं घ्यायच्या, हातात मावणाऱ्या यंत्रात, म्हणजे नोटटेकरमध्ये, काय असावं आणि काय नसावं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. या लेखाची बाजू अशी: जे काम फक्त बोटांनीच नीट होतं ते या यंत्रात आधी आणि निर्दोष हवं. जे काम शेजारच्या खिशातला फोन तितकंच चांगलं करतो ते यात कोंबायचं कारण नाही. ऐकायला हे उघड वाटतं, पण गेल्या पंचवीस वर्षांत महागडी यंत्रं नेमकी उलट्या दिशेने वाढत गेली.

वाद इतका कळीचा होण्याचं कारण पैसा आहे. नंतरच्या नोटटेकरमध्ये बोटाने वाचायची ओळ असते, तिला ब्रेल डिस्प्ले म्हणतात. तिच्यावर एक अक्षर जिथे उमटतं त्या घराला सेल म्हणतात. एका सेलमध्ये आठ पिना असतात. सहा ब्रेलच्या, आणि खालच्या दोन कर्सर किंवा मोठं अक्षर दाखवण्यासाठी. प्रत्येक पिनेमागे पिझोइलेक्ट्रिक पट्टी असते. तिला शेकडो व्होल्टच्या घरातला विद्युतदाब मिळाला की ती किंचित वाकते आणि पीन बोटाला लागेल इतकी वर येते. ३२ सेलच्या एका ओळीत असे २५६ हलते भाग, सगळे एकाच उंचीवर यायला हवेत आणि बोटाचा दाब पडला तरी खाली बसता कामा नयेत. यंत्राच्या किमतीतला मोठा वाटा या एका ओळीचा असतो. ह्यूमनवेअर कंपनीचा ३२ सेलचा ‘ब्रेलनोट टच’ २०१६ साली आला तेव्हा त्याची किंमत साडेपाच हजार डॉलरांच्या आसपास होती. ज्या वस्तूची पायाभूत किंमतच एवढी, तिच्यात वरून घातलेली प्रत्येक सोय कुणाच्या तरी आवाक्याबाहेर ती वस्तू ढकलते.

सोयी वाढल्या त्या उगाच नाही, हेही मान्य करायला हवं. २००० साली न्यूझीलंडमधून ‘ब्रेलनोट’ आला तेव्हा अंध माणसाला ईमेल वाचायला, पाठवायला दुसरं सुटसुटीत साधन नव्हतं. त्याच काळात अमेरिकेतल्या सेंडेरो ग्रूपने ब्रेलनोटवर जीपीएस आणलं. अनोळखी रस्त्याने चालताना पुढचा चौक कोणता आणि कोपऱ्यावर कोणतं दुकान आहे हे यंत्र सांगू लागलं. त्या वेळी ती सोय यंत्रात असणं शंभर टक्के योग्य होतं, कारण ती दुसरीकडे कुठे मिळतच नव्हती.

मग २००९च्या जूनमध्ये आयफोन ३जीएस आला. त्याच्यात व्हॉइसओव्हर नावाचा, पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आधीपासूनच होता, त्यासाठी वेगळे पैसे नव्हते. पुढच्या काही वर्षांत अँड्रॉइडचा टॉकबॅकही सुधारत गेला. रस्ता दाखवणं, नोट कितीची आहे ते ओळखणं, छापील कागदाचा फोटो काढून वाचणं, बँकेचे व्यवहार, निरोप, बातम्या ही सगळी कामं फोनने उचलली. फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, म्हणून ही कामं त्याला शोभतात. नोटटेकर घेणारा माणूस तो दहा वर्षं वापरायच्या हिशेबाने घेतो, आणि खरं नुकसान इथेच होतं.

‘ब्रेलनोट टच’चंच घ्या. यंत्र आलं २०१६ साली आणि त्याच्यात अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती होती, म्हणजे २०१३ची. गूगलच्या दुकानातली ॲप्स वापरता येतील ही त्याची मोठी जाहिरात होती. काही वर्षांतच जुन्या आवृत्तीवर नवी ॲप्स चालेनाशी झाली. मग कंपनीने अँड्रॉइड ८.१ असलेलं ‘टच प्लस’ काढलं. ब्रेलच्या पिना ठणठणीत, कळा ठणठणीत, बॅटरी बदलली की चालू, आणि तरी यंत्र जुनं ठरलं, ते त्याच्यातल्या ब्राउझरमुळे आणि ॲप्समुळे. ज्या भागाचं वय तीन वर्षं आहे तो भाग दहा वर्षं टिकणाऱ्या महाग भागाला कायमचा चिकटवणं ही रचनेतली चूक आहे, आणि तिची किंमत विकत घेणारा मोजतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सगळ्यांकडे चांगला फोन नसतो, आणि असला तरी गुळगुळीत काचेवर बोट फिरवून काम करणं सगळ्यांना जमत नाही. वयस्क माणसांना तर नाहीच. शिवाय ज्यांना ऐकूही येत नाही अशा बधिरांध व्यक्तींना बोलणारा फोन कसला उपयोगी? त्यांच्यासाठी ब्रेलची ओळ हीच जगाशी बोलायची एकमेव वाट आहे. निरोप, पत्र, बातमी, जे काही यायचं ते त्याच ओळीवर यायला हवं. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. मात्र त्याचं उत्तर यंत्रात ब्राउझर घालणं हे नव्हे. यंत्राने कुठल्याही फोनशी आणि संगणकाशी विनासायास जोडलं जाणं, हे त्याचं उत्तर आहे. २०१८ साली यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ब्रेल डिस्प्लेसाठी एक समान मानक मंजूर केलं. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या त्यामागे होत्या. प्रत्येक कंपनीच्या यंत्रासाठी वेगळा ड्रायव्हर शोधायची कटकट त्यामुळे संपू शकते. नवा नोटटेकर घेताना या मानकाची चौकशी आधी करावी, त्यात यूट्यूब चालतं का ही मागाहून. फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलला तरी तीच ब्रेलची ओळ नव्या फोनला जोडता येते.

उलट टोकाचा प्रयोगही झाला आहे आणि तो जास्त शिकवणारा आहे. ब्रेल स्वस्त व्हावं म्हणून अनेक देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन गट केला, पैसे घातले, आणि त्यातून ऑर्बिट रिसर्च कंपनीने ‘ऑर्बिट रीडर २०’ बनवला. वीस सेल, ब्रेल कळपट, मेमरी कार्डाची खाच. आवाज नाही, पडदा नाही, इंटरनेट नाही. बाजारात आला तेव्हाची किंमत पाचशे डॉलरांच्या आसपास, म्हणजे बड्या यंत्रांच्या दहाव्या हिश्श्यात. कार्डावर आधीच ब्रेलमध्ये रूपांतर केलेलं पुस्तक टाकायचं आणि वाचायचं. लिहायचं तर यंत्र ठिपके जसेच्या तसे साठवणार, त्यांचं छापील लिपीत रूपांतर करणार नाही.

इथे काटछाट एक पायरी जास्त झाली होती. विद्यार्थ्याने ब्रेलमध्ये लिहिलेला निबंध शिक्षकाला वाचता येत नसेल, तर मधे संगणक लागतो आणि संगणक चालवून देणारं कुणीतरी. मग कंपनीने ‘ऑर्बिट रीडर २० प्लस’ काढला. त्यात काय परत आलं? ब्रेलचं छापील लिपीत आणि छापीलचं ब्रेलमध्ये रूपांतर, घड्याळ, गजर, दिनदर्शिका, गणकयंत्र. ही यादी वाचून १९८७च्या ‘ब्रेल एन स्पीक’ची यादी आठवल्यावाचून राहत नाही. तीस वर्षांच्या अंतराने, दुसऱ्या माणसांनी, दुसऱ्या कारणासाठी केलेलं यंत्र जवळजवळ त्याच चार-पाच सोयींपाशी येऊन थांबलं. हा योगायोग नाही. वर्गात, कार्यालयात, दुकानात बसलेल्या माणसाच्या हाताला दिवसभरात एवढंच पुन्हापुन्हा लागतं.

मराठी वाचकाच्या बाबतीत मात्र या यादीतली पहिली सोय, लिपीचं रूपांतर, नुसती असून भागत नाही. ती बरोबर असावी लागते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे १९५१पासून भारतीय भाषांना लागू असलेल्या पद्धतीत, काना-मात्रा-वेलांटीसाठी निराळी चिन्हं नाहीत. ‘नू’ लिहायचं तर ‘न’ आणि त्यापुढे ‘ऊ’. मग ‘नऊ’ कसं लिहायचं? ‘न’, मधे ‘अ’, मग ‘ऊ’. ब्रेल वाचणाऱ्या मुलाला हे दुसरीतच पाठ असतं. यंत्राला हा नियम कुणी नीट शिकवला नसेल, तर मुलाने बरोबर लिहिलेलं ‘मऊ’ शिक्षकाच्या हातातल्या कागदावर भलतंच काहीतरी होऊन येतं आणि गुण मुलाचे जातात. जोडाक्षरांचंही तसंच. छापील लिपीच्या संगणकीय मांडणीत हलन्ताचं चिन्ह व्यंजनानंतर साठवलं जातं. ब्रेलमध्ये त्याचा ठिपका व्यंजनाच्या आधी येतो. यंत्राने हा क्रम दोन्ही बाजूंनी अचूक उलटवायला हवा.

त्याहून नाजूक जागा आहे दोन भाषांच्या सरमिसळीची. ब्रेलमधला १-३ हा ठिपक्यांचा जोड इंग्रजीत ‘के’ आणि मराठीत ‘क’. १-३-४ हा ‘एम’ आणि ‘म’. कागदावर वाचणारा माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्र ओळखत नाही. महाराष्ट्रातला कोणताही विज्ञानाचा विद्यार्थी एका वाक्यात मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत जातो. सूत्रं, संज्ञा, लेखकांची नावं सगळी तशीच येतात. भाषा बदलायला यंत्र त्याला मेन्यूच्या चार पायऱ्या उतरायला लावत असेल, तर तोवर शिक्षक पुढच्या मुद्द्यावर पोचलेले असतात. एका हाताच्या एका दाबात भाषा बदलणं ही मराठी नोटटेकरची पहिल्या रांगेतली गरज आहे. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत तिला जागा मिळत नाही, कारण तिथला बहुतेक ग्राहक एका भाषेत लिहितो. सुदैवाने लिबलुई नावाची, कुणालाही मोफत वापरता आणि दुरुस्त करता येणारी ब्रेल रूपांतराची प्रणाली आहे आणि तिच्यात मराठीचे नियमही आहेत. मराठी ब्रेलच्या शिक्षकांनी बसून तिची तपासणी करणं, चुका कळवणं, हे काम इथेच होऊ शकतं आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

मराठी ब्रेलला वाचक कुठे आहेत, असं विचारणाऱ्यांनी ‘स्पर्शज्ञान’कडे पाहावं. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. ऐकायची साधनं मुबलक झाल्यावरही शब्द बोटाखाली यावा अशी भूक राहतेच. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी-उकार कानाला बरेचदा सारखेच वाटतात. ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन म्हणूनच कच्चं राहतं. अर्धं राहिलेलं वाक्य, चुकलेला आकडा, कवितेची ओळ कुठे तुटते हे बोटालाच कळतं.

कळांकडे आणि कडांकडेही पाहायला हवं, कारण चांगलं यंत्र तिथे ओळखू येतं. काही नोटटेकरच्या पुढच्या कडेला अंगठ्यांसाठी चार कळा असतात. ओळ वाचून झाली की अंगठा दाबायचा, पुढची ओळ त्याच जागी येते, बोटं उचलावी लागत नाहीत. वीस-बत्तीस सेलवर वाचणारा माणूस एका पुस्तकात हे हजारो वेळा करतो. बऱ्याच यंत्रांत प्रत्येक सेलच्या डोक्यावर एक बारीक बटण असतं. चूक सापडली की त्या अक्षरावरचं बटण दाबायचं, कर्सर तिथे हजर. ज्याने ब्रेल पाटीवर स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचत लिहिलं आहे, कागद उलटल्याशिवाय काय लिहिलं ते कळलं नाही आणि चुकलेला ठिपका बुजवता आला नाही, त्याला त्या बारीक बटणाचं मोल विचारा. डोळस परीक्षकाला ते दिसतही नाही. माहितीपत्रकात त्याला अर्धी ओळ मिळते आणि वायफायला पान मिळतं.

आवाजाचंही तसंच. कळा खडखडत असतील तर बैठकीत, वाचनालयात अंध माणूस लिहिणंच टाळतो. परकिन्स ब्रेलर या ब्रेल टंकयंत्राचा ठोका ज्याने वर्गात ऐकला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. ऑर्बिटने स्वस्ताईसाठी पिना हलवायची वेगळी पद्धत वापरली. तिला ओळ बदलायला किंचित जास्त वेळ लागतो आणि तिचा आवाज होतो. त्या किमतीला हा सौदा बहुतेकांनी स्वीकारला, आणि बरोबरच केलं.

परीक्षेच्या दिवशी या सगळ्याचा कस लागतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अपंग परीक्षार्थीला लेखनिक घेता येई, तासाला किमान २० मिनिटं जादा मिळत, आणि ब्रेल, संगणक, मोठा टाइप असं माध्यम निवडण्याची मुभा शक्यतो द्यावी असंही सांगितलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक मुलं लेखनिकावरच अवलंबून असतात. आपलं उत्तर दुसऱ्याच्या अक्षरात, दुसऱ्याच्या शुद्धलेखनात, दुसऱ्याच्या समजुतीतून कागदावर जातं. काही नव्या ब्रेल यंत्रांत ‘परीक्षा मोड’ आहे. पर्यवेक्षक पासवर्ड घालतो आणि ठरलेल्या वेळेपुरतं, साठवलेल्या फाइली, ब्लूटूथ, इंटरनेट सगळं बंद होतं. उरतं ते लिहिणं आणि वाचणं. आमच्या मते प्रत्येक नोटटेकरमध्ये ही सोय सक्तीची असावी. राज्य परीक्षा मंडळाने आणि विद्यापीठांनी ती मान्य करून, कोणत्या अटींवर ती चालेल हे लेखी सांगावं. तसं झालं तर स्वतःच्या बोटांनी उत्तरपत्रिका लिहिणारी पिढी उभी राहील.

हे यंत्र देशात बनवण्याचेही प्रयत्न झाले. आयआयटी दिल्लीच्या संशोधनातून २०१९ साली ‘डॉटबुक’ आलं, वीस आणि चाळीस सेलचं. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेल्या माणसांची देशातली संख्या ५० लाखांच्या वर होती. त्यातल्या ब्रेल वाचणाऱ्यांपर्यंतसुद्धा पोचायचं तर खरेदी सरकारी योजनांतून आणि देणगीतूनच होणार. मग यादी कोण ठरवतं हा प्रश्न येतो. निविदेत मेमरी किती, प्रोसेसर कोणता, ब्लूटूथची आवृत्ती कोणती, हे मोजायला सोपं म्हणून लिहिलं जातं. यंत्र चालू करून पहिलं अक्षर उमटायला किती सेकंद लागतात, मराठीतून इंग्रजीत जायला किती दाब लागतात, बॅटरी संपली तर लिहिलेलं टिकतं का, हे लिहिलं जात नाही. जुन्या यंत्रांत टिपणं बॅटरीच्या जिवावर जगत आणि ती पूर्ण उतरली की सगळं पुसलं जाई. तो धडा विसरायला नको.

म्हणून खरेदीआधी रोज ब्रेल वापरणाऱ्या दहा-बारा जणांच्या हातात ते यंत्र महिनाभर द्यावं. त्यांत शाळकरी मूल हवं, महाविद्यालयातली विद्यार्थिनी हवी, बँकेत किंवा टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करणारं कुणी हवं, गायन शिकणारं हवं, आणि एखादी बधिरांध व्यक्ती नक्की हवी. त्यांनी लिहून दिलेला अभिप्राय निविदेला जोडावा. दुरुस्तीची अटही तिथेच घालावी. घामाने आणि धुळीने सेलच्या पिना चिकटतात, एखादा ठिपका अर्धाच वर येतो आणि ‘क’चा ‘अ’ वाचला जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे अधिकच. तेवढ्यासाठी यंत्र परदेशी पाठवून महिनोन्महिने वाट पाहायची वेळ आली, तर तोवर मुलाचं शालेय वर्ष संपलेलं असतं. सेलची सफाई आणि बदली मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे होईल, सुटे भाग किमान सात वर्षं मिळतील आणि दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र हातात राहील, अशी लेखी हमी देणाऱ्या कंपनीचंच यंत्र घ्यावं, मग त्याच्यात चार सोयी कमी असल्या तरी चालतील.